सैनिकांना माइंडफुलनेस शिकवताना या चुका टाळा

माजी सैनिकांच्या गटात माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा सराव, शिकवताना पहिलीच सूचना बऱ्याचदा चुकते: "डोळे मिटा, मन शांत करा." ज्याने वर्षानुवर्षं सावध राहूनच जीव वाचवला, त्याच्या शरीराला मिटलेले डोळे म्हणजे पहारा सोडल्यासारखं वाटतं. छाती धडधडते, घाम फुटतो आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असं ठरवून तो पुढच्या वेळी येतच नाही.

त्यापेक्षा डोळे उघडे राहू द्या, नजर समोरच्या जमिनीवर. पाठ भिंतीला आणि दार दिसेल अशी जागा त्यालाच निवडू द्या. आडवं झोपवण्याचा हट्ट नको. शिकवणाऱ्याने मागून फिरू नये, आणि सराव सुरू करताना-संपवताना वाजवतात ती घंटा तर अजिबात अचानक वाजवू नये (ती हवीच कशाला, हा माझा जुना प्रश्न आहे).

श्वासाचंही तसंच. धूर, स्फोट किंवा छातीची जखम अनुभवलेल्या माणसाला श्वासावर लक्ष दिल्याने नेमकं तेच आठवू शकतं. अशा वेळी तळपायांना लागणारी जमीन, हातातली वस्तू किंवा खोलीतले आवाज यांवर लक्ष न्यावं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र दिसत नाही. सैनिकाला सूचना म्हणजे हुकूम वाटतो. आतून कोसळत असला तरी तो ताठ बसून राहतो आणि आपण समजतो, छान जमलं! चेहरा दगडासारखा, नजर खिळलेली, हाकेला उशिरा ओ, असं दिसलं तर सराव तिथेच थांबवा. अंगाला हात न लावता नावाने हाक मारा, उभं राहायला सांगा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायला लावा. 'नको वाटलं तर थांबा' एवढं म्हणून भागत नाही. पहिल्याच दिवशी मध्येच थांबण्याचा आणि उठून बाहेर जाण्याचाच सराव करून घ्यावा.

दुसरं, हा सराव म्हणजे पीटीएसडीवरचा (मोठ्या आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासावरचा) संपूर्ण उपचार नव्हे. प्रसिद्ध आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला, तो जुनाट दुखण्याच्या आणि ताणाच्या रुग्णांसाठी. युद्धाचा आघात समोर ठेवून नव्हे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या 116 माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या एका गट-उपचाराच्या तुलनेत माइंडफुलनेसने त्रास जास्त कमी झाल्याचं सैनिकांनी सांगितलं, पण फरक माफक होता. पीटीएसडीचं निदानच उरलं नाही अशांच्या प्रमाणात मात्र ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे आघातावरची थेरपी किंवा गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर सराव बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

आणि फक्त फ्लॅशबॅक आल्यावरच (जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटल्यावरच) हा सराव आठवला तर उपयोग होत नाही; तो एरवीही करत राहायला हवा. शस्त्र हाताळायला कुणी चकमकीत शिकत नाही, असं म्हटलं की हा मुद्दा सैनिकांना लगेच पटतो.