ब्रेक पॅड घरी बदलल्यावर गाडी एका बाजूला खेचते? दोष असा शोधा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचे पॅड बदलले आणि पहिल्याच ब्रेकला गाडी डावीकडे गेली, की बहुतेक जण डावं चाक खोलायला बसतात. सहसा दोष उजवीकडे असतो. ब्रेक दाबल्यावर गाडी जिकडे खेचते ती बाजू नीट पकडत असते. विरुद्ध बाजू कमी पडत असते. पाय पेडलवर नसतानाही गाडी खेचत असेल, तर मात्र खेचणाऱ्या बाजूचाच ब्रेक जाम राहतोय. एवढं आधी ठरवा, मगच जॅक लावा.

त्याआधी दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी आहे ना, ते बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये चांगली गाडीही किंचित डावीकडे सरकते. म्हणून चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावर घ्या. ठाणे-नवी मुंबईत असाल तर रविवारी सकाळी वागळे इस्टेट किंवा महापे एमआयडीसीतले आतले रस्ते बरे पडतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा उद्योग नको. वेग 30 ते 40, स्टिअरिंग हलक्या हाताने धरलेलं, ब्रेक आधी हलका, मग थोडा जोरात. पेडल दाबल्यावर हळूहळू खाली जात असेल किंवा कुठे ब्रेक ऑइल गळत असेल, तर गाडी गेटबाहेरही काढू नका.

आता उष्णता बघा. ब्रेक शक्य तितका कमी वापरत पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि हात चाकाजवळ न्या; डिस्कला (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला पकडतात ती चकती) हात लावू नका. एक बाजू स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. याउलट बरेच ब्रेक मारूनही एक बाजू तुलनेने थंड राहिली, तर ती बाजू काम करत नाही.

थंड बाजूला पहिला संशय तेलाचा. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा राहून जातो. पॅडमध्ये तेल किंवा ग्रीस मुरलं असेल तर पॉलिश पेपर मारत बसू नका. पॅड नवे घ्या, तेही दोन्ही बाजूंचे.

दुसरा संशय गाइड पिनचा (कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, जिच्यावर सरकतो ती पिन), आणि खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळा काढलेल्या गाडीत तर हमखास. पिन बोटांनी सहज आतबाहेर सरकली पाहिजे. अडकली असेल तर कॅलिपर सरकत नाही आणि बाहेरचा पॅड डिस्कवर नीट दाबला जात नाही. जुने पॅड फेकले नसतील तर बघा: आतला झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर पिन आधीपासूनच अडकत होती. साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत दोन पिना वेगळ्या असतात, एकीला रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल झाली का, ते दुसऱ्या चाकाशी ताडून बघा. पॅड ज्यात बसतो त्या क्लिपखालचा गंज वायर ब्रशने काढा. पॅड हाताने सरकत नसेल तर तो पिस्टनलाही (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) नीट जुमानणार नाही.

‘पॅड बदलण्याआधी तर ठीक होतं’ याचं उत्तर बऱ्याचदा पिस्टनमध्ये असतं. झिजलेल्या पॅडमुळे पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर बाहेरचा भाग गंजतो, आणि नव्या जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलला की तोच गंज सीलमध्ये जातो. मग ब्रेक चिकटतो किंवा ऑइल पाझरतं. कॅलिपर रिपेअर किट तरी टाका, नाहीतर कॅलिपर बदला.

गरम बाजूला दोष कॅलिपरचा की होजचा (कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा), हे ओळखणं सोपं आहे. गाडी जॅक स्टँडवर ठेवा, ब्रेक दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, एअर काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब अडकला होता. अशा वेळी होज पिळला गेलाय किंवा आतून फुगलाय. तरीही नाही सुटलं तर पिस्टन किंवा पिन. ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

कॅलिपर काढले होते का? मग निपल वरच्या बाजूला आहे ना, बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि एअर कितीही काढली तरी आत राहतेच.

सगळं ठीक असूनही थोडी ओढ राहिली तर पॅड बसायचे बाकी असतील. ताशी 50 वरून 15 पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मध्ये अर्धा मिनिट गाडी चालवत ठेवून डिस्क थंड होऊ द्या.