स्ट्रिंग क्वार्टेटने हिवाळी मैफलींची मालिका कशी बांधावी

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो घेऊन चौघांनी एखादी मैफल करणे वेगळे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दर महिन्याला एक अशा चार मैफलींची मालिका पार पाडणे वेगळे. एका मैफलीसाठी दीड महिना रात्रीचा दिवस करता येतो. तेच लागोपाठ चार वेळा करणे, चौघांपैकी दोघांना नोकरी आणि एकाला संध्याकाळच्या शिकवण्या असताना, कोणालाही झेपत नाही. मी मुंबईत व्हायोला वाजवतो, आणि पाश्चात्त्य चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताची, अशी मालिका पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वादकांना उपयोगी पडेल तेवढेच येथे लिहीत आहे. ही पद्धत नवी नाही. व्हिएन्नात इग्नाझ शुपान्झिग या व्हायोलिनवादकाने १८०४-०५च्या हिवाळ्यात क्वार्टेटच्या जाहीर मैफली वर्गणीदारांसाठी सुरू केल्या, आणि आपल्या मुंबईत मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही उभे केले होते.

सर्वप्रथम रचनांची संख्या कमी करावी. प्रत्येक मैफलीत तीन याप्रमाणे बारा रचनांची यादी कागदावर भरगच्च दिसते, पण तालमीच्या तासांत तिचा हिशेब मांडला की ती कोसळते. पहिल्या हंगामात प्रत्येक मैफलीत दोनच रचना घ्याव्यात, मध्यंतर ठेवू नये आणि एकूण वादन तासाभराच्या आसपास राहू द्यावे. म्हणजे आठ रचना झाल्या. त्यांतील निदान चार चौघांपैकी बहुतेकांनी पूर्वी कधी तरी वाजवलेल्या असाव्यात. प्रत्येक मैफलीची सुरुवात हायडन या संगीतकाराच्या रचनेने करावी, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या लेखनात लपायला जागा नसते आणि चौघांचे कान पहिल्या दहा मिनिटांत ताळ्यावर येतात. एका मैफलीला पाहुणा वादक बोलवावा: मोझार्टचे क्लॅरिनेट क्विंटेट, म्हणजे पाच वादकांची रचना (सूचीतील क्रमांक के. ५८१), किंवा, दुसरा चेलोवादक मिळत असेल तर, शुबर्टचे सी मेजर क्विंटेट. शुबर्टची ही रचना एकटीच पाऊण तासाहून जास्त चालते, त्यामुळे त्या दिवशी तिच्या जोडीला फार काही लागत नाही.

हंगामातील सर्वांत अवघड रचना शेवटच्या मैफलीसाठी राखून ठेवण्याचा मोह टाळावा. फेब्रुवारीपर्यंत सगळे थकलेले असतात. पहिल्या मैफलीत खुर्च्या, तिकिटे, पत्रिका यांचाच गोंधळ असतो आणि जानेवारीत कोणाच्या ना कोणाच्या घरी लग्न निघते. म्हणून जड रचना दुसऱ्या, म्हणजे डिसेंबरच्या मैफलीत टाकावी, कारण दिवाळीच्या सुट्टीत सलग तीन-चार दिवस सकाळी एकत्र बसता येते. बेथोव्हेनचे ओपस (रचनाक्रमांक) १३२ मात्र पहिल्या हंगामात घेऊच नये. त्यातील मंद मूव्हमेंट (रचनेचा स्वतंत्र भाग) पाव तासाच्या घरात जाते, आणि इतका वेळ चार गज एकाच श्वासाने चालवण्यासाठी काही वर्षे एकत्र वाजवलेले असावे लागते. त्याऐवजी त्याचे ओपस १८ मधील एखादे क्वार्टेट घ्यावे. विसाव्या शतकातील रचना निवडताना स्वामित्व हक्क पाहावा: भारतात तो रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो, त्यामुळे १९४५ मध्ये वारलेल्या बार्टोकला अडचण नाही, पण १९७५ मध्ये वारलेल्या शोस्ताकोविचच्या रचनेसाठी २०३५ अखेरपर्यंत परवाना घ्यावा लागेल.

तालमी मोजून ठेवाव्यात. प्रत्येक रचनेसाठी अडीच तासांच्या पाच तालमी असा आमचा हिशेब आहे. पहिल्या तालमीला प्रत्येकाने स्वतःच्या पार्टबरोबर संपूर्ण स्कोअर (चौघांचे स्वर एकत्र लिहिलेली प्रत) वाचून यावे, कारण दुसऱ्याला काय वाजवायचे आहे हे न कळता घालवलेली पहिली तालीम फुकट जाते. गज वर की खाली, हे पेन्सिलीने लिहावे. पेनाने लिहिणाऱ्याला पुढच्या मैफलीपर्यंत पश्चात्ताप होतो. मतभेद होणारच, आणि चौघे असल्यामुळे ते दोन विरुद्ध दोन असेच होतात. त्यावर उपाय असा की प्रत्येक रचनेसाठी अंतिम शब्द कोणाचा हे आधीच ठरवावे आणि हा मान आळीपाळीने फिरवावा. तो कायम पहिल्या व्हायोलिनकडे राहिला तर हंगामाच्या मध्यावर कोणी तरी तालमीला उशिरा येऊ लागतो. वाद फारच चिघळला तर दोन्ही तऱ्हांनी वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि चहा पिताना ऐकावे. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना स्वतःचेच वाजवणे आवडत नाही आणि तिसरी वाट निघते.

प्रत्येक तालमीची पहिली वीस मिनिटे मात्र सुरासाठीच द्यावीत, आणि येथे आपल्या संगीताचा कान असलेल्यांना एक गोष्ट चटकन उमगेल. व्हायोला आणि चेलोच्या सर्वांत खालच्या 'सी' तारेला षड्ज मानले, तर पुढच्या तारा पंचम, रिषभ आणि धैवत अशा येतात, आणि व्हायोलिनची सर्वांत वरची 'ई' तार गंधाराची ठरते. प्रत्येक जोडी शुद्ध षड्ज-पंचम भावाने, म्हणजे ३:२ या प्रमाणात, काटेकोर लावत गेलो की सप्तकात आणून मोजलेला हा गंधार ८१:६४ वर पडतो. तानपुऱ्याच्या खरजातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ५:४, म्हणजे ८०:६४ असतो. फरक ८१:८० इतकाच, अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त. पण सी मेजरचा लांब स्वरसंघ, म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकाच वेळी, धरला की तो कानात खुपतो. चौघांच्या तारा अचूक लागलेल्या असूनही सूर लागत नाही, याचे कोडे अनेक नव्या वादकांना पडते, आणि मग ते एकमेकांवर चिडतात. दोष कोणाचाच नसतो.

यासाठी तारा लावताना प्रत्येक पंचम केसभर आखूड ठेवावा, म्हणजे चेलो आणि व्हायोलाची 'सी' तार शुद्ध पंचमाने येते त्याहून किंचित चढी लावावी. तेवढ्यानेही भागत नाही. म्हणून व्हायोलिनने अशा स्वरसंघात मोकळी 'ई' तार टाळून तोच स्वर 'ए' तारेवर बोटाने घ्यावा, म्हणजे तो उतरवता येतो. तालमीत अडलेला स्वरसंघ खालून रचावा: आधी चेलोचा मूळ स्वर, त्यावर पंचम, आणि गंधार सर्वांत शेवटी, सर्वांत हलक्या गजाने, कंप न देता. तो बरोबर जागी बसला की खोलीतला आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. हे एकदा अनुभवले की ट्यूनरकडे पाहण्याची सवय आपोआप सुटते.

सभागृह शंभर-दीडशे आसनांचे पुरते. त्याहून मोठ्या जागेत चौघांचा हलका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. जागा ठरवण्यापूर्वी तेथे संध्याकाळी, मैफलीच्याच वेळेला, शांत बसून यावे. शेजारच्या मंगल कार्यालयाचा बँड सकाळी अकरा वाजता ऐकू येत नाही. खुर्च्या बिनहातांच्या आणि एकाच उंचीच्या लागतात, आणि त्या सहसा जागेवर नसतात. गुळगुळीत लादीवर चेलोची टेकणाची सळई घसरते, तेव्हा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा किंवा निदान जुन्या सतरंजीची घडी बरोबर न्यावी. छताचे पंखे बंद करून घ्यावेत. ते शक्य नसेल तर पाने उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे प्रत्येक स्टँडला चार याप्रमाणे ठेवावेत. वाद्ये तासभर आधी सभागृहात आणून ठेवावीत, कारण बाहेरच्या दमट हवेत फुगलेले लाकूड वातानुकूलित खोलीत आले की आक्रसते आणि खुंट्या सुटू लागतात. पैशांबाबत इतकेच, की मिळेल ते चार समान वाटे करून घ्यावे आणि संपूर्ण हंगामाचे तिकीट सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त ठेवावे.

मंचावर सुरुवात हाताने किंवा मानेने दाखवण्यापेक्षा श्वासाने द्यावी. पहिल्या व्हायोलिनने घेतलेल्या श्वासाच्या लांबीतच पुढची लय असते, आणि तो श्वास चेलोला ऐकू आला पाहिजे. मध्येच सूत्र ज्याच्याकडे हलते स्वर असतील त्याच्याकडे जाते. पुष्कळदा ते दुसऱ्या व्हायोलिनकडे किंवा व्हायोलाकडे असते, म्हणून बाकीच्यांनी त्याच्याच गजाकडे पाहावे. शेवट कसा करायचा याचीही तालीम लागते. हायडनच्या ओपस ३३, क्रमांक २ या क्वार्टेटला 'द जोक' म्हणतात ते त्याच्या शेवटामुळेच: धून तुकड्यातुकड्यांत येते, प्रत्येक तुकड्यानंतर विराम, मग त्याहून लांब विराम, आणि संपले असे वाटून टाळ्या पडू लागतात तोच तिचा पहिला तुकडा अगदी हळू आवाजात पुन्हा येतो. ही गंमत पूर्णपणे चौघांच्या स्थिरतेवर उभी असते. विरामात कोणी गज खाली घेतला, पान सारखे केले किंवा हसू दाबले, की श्रोत्यांना सुगावा लागतो. गज तारेपासून दोन बोटे वर, तसाच धरून मनात मात्रा मोजाव्यात. मूव्हमेंट संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्याच तर किंचित मान लवून पुढे जावे. श्रोत्यांना रीत शिकवण्याची ती वेळ नव्हे.

तार तुटण्याची तयारी ठेवावी. आमच्या दुसऱ्या हंगामात जानेवारीच्या मैफलीत, मंद मूव्हमेंटच्या ऐन मध्यात, पहिल्या व्हायोलिनची 'ए' तार तुटली आणि आमच्याकडे राखीव तार होती ती नवी कोरी. नवी तार ताणून स्थिरावायला काही दिवस घेते. उरलेला सबंध वेळ ती उतरत राहिली आणि प्रत्येक विरामात खुंटीला हात जात राहिला. तेव्हापासून चौघेही हंगामापूर्वी तारा बदलताना उतरवलेल्या, पण शाबूत असलेल्या जुन्या तारा पाकिटात नाव घालून पेटीत ठेवतात. तार तुटल्यास ज्याची तुटली त्यानेच आत जावे, बाकीच्या तिघांनी जागेवर बसून राहावे, आणि तो परतल्यावर मूव्हमेंट पहिल्या मात्रेपासून सुरू करावी.