स्वस्तातली एअर रायफल: पेटीवरचा वेग सोडा, बिजागरी बघा

आधी कायद्याचं बघू. ४.५ मिमी, म्हणजे ०.१७७ इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय घेता येते. ०.२२ बोअरला परवाना लागतो. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते आणि बिल जपून ठेवावं लागतं. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानातून रायफल घेऊच नका.

आता पेटीवर ठळक छापलेला तो आकडा. ‘१००० फूट प्रति सेकंद’ म्हणजे सेकंदाला साधारण ३०५ मीटर. नेहमीचा ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा या वेगाने गेला तर ऊर्जा साडेचोवीस ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे रायफल परवान्यात अडकते. २० ज्यूलची हद्द या छर्ऱ्याला सेकंदाला २७५ मीटर वेगावरच लागते. मग बिनपरवाना मॉडेलवर हा आकडा येतो कुठून? हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यातून. ०.३५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ३०५ मीटरने गेला तरी ऊर्जा सोळा ज्यूलच होते. हिशेब बरोबर, पण तो छर्रा बहुतेक रायफलींत नीट ग्रुप देत नाही, म्हणजे कागदावरची छिद्रं जवळजवळ पडत नाहीत. १० मीटर स्पर्धेच्या रायफली तर सेकंदाला १७५ मीटरच्या आसपासच्या वेगाने मारतात, आणि तिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं अर्ध्या मिलिमीटरचं असतं. वेगावर पैसे घालवू नका.

बाजारात तीन गट दिसतात. पहिला, जुन्या डायना ३५ च्या धर्तीवरच्या देशी रायफली: दणकट, सोप्या, कोणीही मिस्त्री उघडू शकेल अशा, पण एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर फिनिशिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. दुसरा, प्रीसीहोलसारखे नवे देशी ब्रँड. या कंपनीचा मूळ धंदा खोल छिद्रं पाडणाऱ्या मशीनांचा, त्यामुळे नळीच्या कामाची जाण घरचीच. तिसरा, डायना, गामो, हॅट्सनसारखा आयात माल. तो घ्यायला हरकत नाही, पण आधी एकच प्रश्न विचारा: ‘भाऊ, याचं पिस्टन सील आणि स्प्रिंग आत्ता दुकानात आहे का?’ (स्प्रिंग पिस्टन ढकलते, पिस्टन हवा दाबतो, आणि सील ती हवा गळू देत नाही.) उत्तर ‘मागवून देतो’ असेल तर किमतीतून घासाघीस करा किंवा पुढचं दुकान गाठा.

दुकानात नळी मोडून भरायची रायफल हातात आली की बिजागरीपासून सुरुवात करा. रायफल बंद असताना एका हाताने दस्ता घट्ट धरा आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे हलवा. केसाइतकंही खेळलं नाही पाहिजे. बिजागरीचा बोल्ट आवळून थांबत असेल तर ठीक. आवळूनही हलत असेल तर सांधाच सैल आहे, तो नग सोडा. वर-खाली हालचाल असेल तर लॉकचा खटका किंवा त्याची स्प्रिंग कमकुवत समजा. मग नळीचं तोंड बघा, कडेला खरचटलेलं नको. छर्रा बाहेर पडताना तिथेच शेवटचा स्पर्श होतो.

ब्रीचची, म्हणजे छर्रा भरतो त्या मागच्या सांध्याची, गळती टिश्यू पेपरने कळते. नेमबाजीच्या रेंजवर छर्रा भरून बंद केल्यावर सांध्यावर टिश्यूची पातळ पट्टी ठेवा आणि मारा. पट्टी उडाली तर वॉशर घट्ट बसत नाही. हा वॉशर स्वस्त असतो, दोन जादा घेऊन ठेवा. ट्रिगर दाबताना शेवटपर्यंत लोंबकळत, अडखळत सरकत असेल तर तो त्या रायफलीचा स्वभाव आहे, सवयीने सुधारणार नाही.

गॅस पिस्टन (स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यातला दाबलेला वायू) की स्प्रिंग? गॅस हलका आणि झटपट, भरून काही काळ ठेवला तरी दम टिकतो. पण गळला की अख्खा भाग बदला. स्प्रिंग दमते, पण बदलायला सोपी. बजेट कमी असेल तर स्प्रिंगच. मात्र ती कधीही भरून ठेवू नका, आणि बिनछर्ऱ्याचा फायर नको, पिस्टन उघड्यावर आपटतो. भरताना नळी हाताने धरून ठेवा. खटका निसटून नळी झटक्यात बंद झाली तर बोटं जातात.

नव्या रायफलीतून सुरुवातीला धूर आणि जळक्या तेलाचा वास येतो. आतलं जादा तेल दाबाने पेटतं. काही डझन फेऱ्यांनी थांबलं पाहिजे. पिस्टनच्या पुढे आणखी तेल सोडणारे स्वतःच सील जाळतात.

मग १० मीटरवर, दस्ता सैल हातात टेकवून, एकाच डब्यातल्या दहा छर्ऱ्यांचा ग्रुप काढा. स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरली की ग्रुप पसरतो. तीन-चार प्रकारचे छर्रे बघितल्याशिवाय नळीला दोष देऊ नका. ग्रुप हळूहळू सरकत असेल तर आधी दस्त्याचे स्क्रू बघा, ते सैल होतातच. दुर्बीण लावायची तर एअरगनसाठी बनवलेली, १० मीटरवर फोकस होणारी. स्प्रिंगचा धक्का दोन्ही दिशांनी बसतो, साधी दुर्बीण आतून तुटते. स्पर्धेत जायचं असेल तर तिचा खर्चच नको, १० मीटरला दुर्बीण चालत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंद केलेली रायफल दोन आठवड्यांत गंजते. फोम ओल धरतो. बाहेरून गन ऑइलचा पातळ हात फिरवा, सिलिका जेल ठेवा, सुती पिशवीत उभी ठेवा. सराव गॅलरीत नको, रेंजवरच: वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून निघताना हात साबणाने धुवा.