जुने सरकारी अहवाल ऑनलाइन शोधताना: सातारा-सांगलीसाठी

शोधायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हव्या त्या साली तुमचं गाव कुणाच्या अंमलात होतं? बहुतेक शोध इथेच फसतात. साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं. पुढे तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही संस्थानं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या विट्याची जुनी माहिती 'सांगली' टाकून सापडत नाही. ती मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या (जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाच्या) १९व्या खंडात, म्हणजे साताऱ्याच्या (१८८५) खंडात पाहायची. १९५१च्या जनगणनेसाठी 'दक्षिण सातारा' टाका.

इंटरनेट आर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा डिजिटल संग्रह, दोन्हीकडे शोधा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तकं स्कॅन करणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या स्कॅनमध्ये नाव, साल, खंड बऱ्याचदा चुकीचे नोंदलेले असतात, म्हणून मुखपृष्ठ उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

खरी अडचण मजकुरातल्या शोधाची. १८८५च्या गॅझेटिअरमध्ये 'आ' दाखवायला रोमन 'ए'वर तिरकी रेघ दिली आहे आणि संगणक ते अक्षर बऱ्याचदा 'डी' समजतो. इंग्रजीत 'सातारा' नीट टाइप केलं तरी शोध कोरा येतो तो यामुळे. 'ए'च्या जागी 'डी' घालून पाहा, किंवा शेजारच्या साध्या इंग्रजी शब्दावर शोधा. त्याहून जुन्या कागदांत साताऱ्याच्या स्पेलिंगमध्ये 'टी' दोनदा येतो आणि कृष्णा 'किस्तना' होते. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्दही निसटतात. तेव्हा पुस्तकाच्या शेवटची सूची डोळ्यांनी चाळाच.

गावपातळीवरचं काही हवं असेल तर गॅझेटिअरवर थांबू नका. तालुक्याच्या रिव्हिजन सर्व्हे सेटलमेंटचे, म्हणजे शेतसाऱ्याच्या फेरआकारणीचे, कागद काढा; ते मुंबई सरकारच्या 'सिलेक्शन्स' मालिकेत छापले आहेत. पाऊस, बाजारभाव, विहिरी आणि शेवटी गाववार आकारणीचे तक्ते, एवढा ऐवज दुसरीकडे क्वचितच मिळतो. मात्र घडीचे तक्ते आणि नकाशे पुष्कळदा न उलगडताच स्कॅन झालेले असतात. तसं दिसलं की त्याच खंडाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधा. हिशेब करताना १६ आणे म्हणजे रुपया, १२ पै म्हणजे आणा, ४० गुंठे म्हणजे एकर. शेर आणि मण मात्र गावोगाव वेगळे, त्यांचं थेट किलोत रूपांतर करू नका.

विज्ञान नियतकालिकांत तारखेकडे लक्ष द्या. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला, पण ग्रिनिच वेळेने तेव्हा १० तारखेची रात्र होती. परदेशी नियतकालिकांत म्हणूनच १० डिसेंबर दिसतो. दोन्ही तारखांनी शोधा. बेंगळुरूच्या 'करंट सायन्स'चे १९३२पासूनचे अंक ऑनलाइन मोफत आहेत.

टिपण करताना छापील पान क्रमांक लिहा. स्कॅनचा क्रमांक प्रतीगणिक बदलतो आणि पुढच्या वेळी तेच पान सापडत नाही.