आयर्लंडहून हद्दपार झालेल्या पूर्वजाचा शोध : या चुका टाळा

गुन्ह्याची शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला हद्दपार झालेल्या आयरिश पूर्वजाचा माग काढणारे बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात. नाव कळताच ते डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची हद्दपारांची सूची पाहतात आणि तिच्यात नाव नसेल, तर आपला माणूस कैदी नव्हताच असे ठरवून मोकळे होतात. १८३६पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या इमारतीच्या आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे त्याआधी शिक्षा झालेल्या माणसाचे नाव त्या सूचीत येते ते त्याच्यासाठी केलेला दयेचा अर्ज शिल्लक राहिला असेल तरच. असा अर्ज मिळालाच, तर त्यातील हलाखीचे वर्णन शब्दशः खरे मानू नये. तो शिक्षा कमी करून घेण्यासाठी लिहिलेला असे.

शोध ऑस्ट्रेलियाकडून मागे न्यावा. विवाहाची परवानगी, शिक्षेची मुदत संपल्यावर मिळणारे मुक्ततेचे प्रमाणपत्र किंवा सशर्त माफी यांतल्या एखाद्या कागदावर जहाजाचे नाव मिळते; मात्र जहाजाच्या नावासोबत आगमनाचे वर्षही टिपावे, कारण ‘एशिया’सारख्या नावाच्या जहाजातून कैद्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या आणि चुकीच्या फेरीतला समान नावाचा माणूस सहज आपला वाटू लागतो. जन्मठेपेच्या कैद्याला मुक्ततेचे प्रमाणपत्र मिळत नसे, तेव्हा त्याच्यासाठी माफीच्या नोंदी पाहाव्यात. न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणे १८४०मध्ये थांबल्यामुळे १८४५च्या शिक्षेचा माणूस सिडनीत नव्हे, तर टास्मानियातील कैद्यांच्या वर्तणूक-नोंदींत शोधावा.

वर्तमानपत्रांत केवळ नाव टाकून शोधणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुनी छपाई यंत्राने वाचताना अक्षरे बदलतात, ‘ओ’ आणि ‘मॅक’ हे उपसर्ग कधी असतात, कधी नसतात, आणि कारकून ऐकू येईल तसे आडनाव लिहीत. त्याऐवजी खटला चाललेली काउंटी (जिल्हा) आणि तेथे ठरावीक काळाने भरणाऱ्या फौजदारी न्यायालयाच्या सत्राचा हंगाम धरावा : वसंत सत्राच्या बातम्या मार्चच्या सुमारास, तर उन्हाळी सत्राच्या जुलै-ऑगस्टमध्ये छापल्या जात, आणि त्या रकान्यांतील निकालांच्या याद्या डोळ्यांनी वाचाव्यात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या विनामूल्य संग्रहात पळून गेलेल्या कैद्यांच्या जाहिराती मिळतात. त्यांतील उंची, व्रण, गोंदण हे तपशील जहाजाच्या यादीशी जुळले, तरच ओळख पक्की धरावी. वयातील दोन-चार वर्षांच्या फरकाला फारसे महत्त्व देऊ नये.

खटल्याचे ठिकाण म्हणजे जन्मगाव नव्हे. १८४०च्या दशकातील आयर्लंडच्या दुष्काळात आयरिश मजूर इंग्लंडमधील लँकशायरकडे मोठ्या संख्येने गेले होते आणि तेथे शिक्षा झालेला आयरिश माणूस इंग्लंडमधून निघालेल्या जहाजावर चढला. त्याची कागदपत्रे डब्लिनला नव्हे, लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावी लागतात.