शिंप्याच्या दुकानातील काळ्या मशीनचे सर्व्हिसिंग

शिलाईच्या दुकानांत सरळ टाक्याचे जे काळे मशीन आजही सर्रास दिसते, त्याची रचना मुळात सिंगरच्या 15 क्रमांकाच्या मालिकेवर बेतलेली आहे. त्यामुळे पाटीवर कोणत्याही कंपनीचे नाव असले तरी सर्व्हिसिंगची रीत जवळजवळ सारखीच राहते. घरी आठवड्यातून एकदा उघडले जाणारे मशीन बराच हलगर्जीपणा सहन करते, पण रोज आठ-दहा तास चालणाऱ्या मशीनला तो सोसत नाही. जून महिन्यातील गणवेशांची आणि दिवाळीपूर्वीची गर्दी सुरू होण्याआधी पूर्ण सर्व्हिसिंग उरकावे आणि त्यात क्रम कटाक्षाने पाळावा: आधी साफसफाई, नंतर तेल, आणि कोणताही स्क्रू फिरवून जुळवणी करायची असल्यास ती सर्वांत शेवटी. टाका बिघडला की प्रथम स्क्रूलाच हात घालण्याची सवय इतकी पक्की झालेली असते की, मूळ दोष कचऱ्याचा असूनही मशीन दुसऱ्याच कारणाने बिघडून बसते.

मोटर असल्यास प्लग काढावा, पट्टा उतरवावा, सुई, फूट (कापड दाबून धरणारा भाग) आणि बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) काढून ठेवावी. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरावा, कारण लहान पात्याने खाच झिजते आणि पुढच्या वेळी तो स्क्रू निघतच नाही. काढलेले स्क्रू ताटलीत काढलेल्या क्रमाने मांडून ठेवावेत.

सुईखालची प्लेट उघडली की कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या फटींत दोऱ्याचा आणि कापडाचा भुसा दाबून बसलेला दिसतो. पुष्कळदा तो नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. अशा वेळी दाते प्लेटच्या वर पुरेसे येत नाहीत, कापड नीट सरकत नाही, टाका आखूड पडतो, आणि कारागीर टाक्याच्या लांबीचा खटका फिरवत बसतो. हा थर चिमट्याने उचलून काढावा. तोंडाने फुंकर मारू नये. त्याने भुसा आणखी आत जातो आणि वाफेचा ओलावा लोखंडावर बसतो. त्यानंतर चाक हाताने फिरवून सुईचा दांडा सर्वांत वर आणावा, आणि काही मशीनमध्ये दोन खिट्ट्या बाजूला सारून, तर काहींत स्क्रू काढून शटलवरची, म्हणजे सुईच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या टोकदार भागावरची, कडी उतरवावी. शटल बाहेर आले की ज्या खाचेत ते झुलते ती खाच कोरड्या कापडाने पुसावी. दोऱ्याचा एक तुकडा तिथे अडकला तरी मशीन जड चालते. शटलचे टोक, तसेच प्लेटमधील सुईच्या भोकाची कड यांवरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. कापसाचे तंतू अडकले तर तिथे ओरखडा आहे असे समजावे. सुई मोडताना होणारे हे ओरखडेच वारंवार दोरा तुटण्याचे कारण असतात. ते अतिशय बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करता येतात, मात्र शटलचे टोक बोथट होऊ देऊ नये.

तेल पांढरे, पातळ, शिलाई मशीनसाठी मिळणारेच असावे. खोबरेल तेल घालण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही; ते साधारण 24 अंशांखाली गोठू लागते, म्हणून थंडीच्या सकाळी मशीन जड झाल्याची तक्रार येते, आणि कालांतराने त्याचा चिकट थर होतो. असा थर बसला असेल तर तेलाच्या भोकांत थोडे रॉकेल सोडून चाक हाताने फिरवावे, निघालेली काळी घाण पुसावी आणि मगच ताजे तेल घालावे. रॉकेल स्वतः वंगण नव्हे. वरची भोके, डाव्या बाजूच्या झाकणाआडचा सुईचा दांडा, मागच्या गोल झाकणाआतील जोड, डोके मागे कलते केल्यावर दिसणारे खालचे सांधे आणि शटलची खाच, या प्रत्येक ठिकाणी एक-दोन थेंब पुरतात. पायडलच्या टोकांना आणि दांड्याच्या जोडाला विसरू नये. दिवसभर चालणाऱ्या मशीनला हे रोज करावे. खंडेनवमीला पूजा झाल्यावर तेलाच्या भोकांत हळद-कुंकू शिरलेले नाही ना, तेही पाहावे. मोटरमध्ये मात्र तेल घालू नये. तिथून ठिणग्या जास्त दिसू लागल्या तर कार्बन ब्रश झिजले आहेत का ते तपासून घ्यावे.

जुळवणीत पहिला मान सुईचा. नवी सुई घालावी, ती पूर्ण वर टेकवावी आणि तिची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे ठेवावी. दोरा तिच्या लांब खाचेच्या बाजूने ओवला जातो. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाड जीन्सला 16 किंवा 18 चालतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होत असेल, तर दोष बहुधा खालच्या बॉबिनचा नसून वरच्या दोऱ्याच्या ताणाचा असतो. फूट खाली असताना दोरा ओवल्यास ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांत बसतच नाही. म्हणून दोरा नेहमी फूट उचलूनच ओवावा. चकत्यांमधला भुसा कापडाच्या पातळ पट्टीने ओढून काढावा. बॉबिन केस, म्हणजे बॉबिनची डबी, दोऱ्याला धरून लटकवावी. हलका झटका दिल्यावर ती किंचित खाली उतरून थांबली तर खालचा ताण योग्य आहे, अन्यथा तिचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमीच फिरवावा.

एवढे करूनही टाका सुटत असेल, तरच टायमिंगकडे, म्हणजे सुई आणि शटल यांच्या भेटीच्या वेळेकडे, वळावे. सुई सर्वांत खालच्या बिंदूवरून साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली असता शटलचे टोक तिच्या मागून, भोकाच्या जरासे वरून, जवळजवळ चाटून जायला हवे. सुईचा दांडा सैल होऊन वर सरकला असेल तर ही वेळ चुकते. दांड्याची मूळ जागा पेन्सिलने खूण करून ठेवल्याशिवाय त्याचा स्क्रू सोडू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

शेवटी पट्टा चढवून, फूट वर ठेवून, दोऱ्याशिवाय मशीन दोन-तीन मिनिटे चालवावे. फूट खाली ठेवून कापडाशिवाय चालवल्यास दाते त्याच्या तळाला घासतात. नंतर वर एका आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घेऊन चिंधीवर टाका घालावा. खालचा रंग वर दिसला तर वरचा ताण जास्त आहे. रात्री दुकान बंद करताना फुटाखाली जुन्या सुती कापडाची घडी दाबून ठेवावी, म्हणजे ओघळणारे तेल त्यात मुरते आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडत नाही.