पोरांना अंतराळ, फॉरेन्सिक आणि निसर्गातलं इंजिनिअरिंग दाखवताय? या चुका टाळा

दोन उन्हाळे झाले, नागपुरात आमच्या कॉलनीतल्या आठ-दहा पोट्ट्यांना रविवारी संध्याकाळी मी गच्चीवर गोळा करते. मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही, बीएस्सी करून बँकेत लागलेली बाई. पण या दोन वर्षांत इतकं काही फसलं ना राजेहो, की ज्यांना घरी नाहीतर सोसायटीत असलं काही सुरू करायचंय त्यांनी निदान माझ्याच चुका परत करू नयेत म्हणून लिहितेय. क्रम वगैरे काही नाही, जे जास्त फसलं ते आधी.

बर्फीचोर पोरांमधून निवडू नका

फॉरेन्सिकचा पहिला रविवार. संत्रा बर्फीचा डबा, चार तुकडे गायब, चोर शोधा. मी शहाणपणा केला आणि चोर म्हणून एका पोरालाच आधी ठरवून ठेवलं, त्याला गुपचूप काचेच्या ग्लासला हात लावायला लावला. ठसे सापडले, चोर सापडला, बाकीचे पोट्टे खुश, आणि तो बिचारा आठवडाभर ‘बर्फीचोर’. चौथ्या दिवशी त्याची आई दारात उभी, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून चोर कायम मोठा माणूस. आमचे सासरे आतापर्यंत नऊ वेळा पकडले गेलेत. खून, रक्त, लाल रंगाचे शिंतोडे हे तर आणूच नका, टीव्ही पाहून पोरांना तेच पाहिजे असतं, पण मग आठ वर्षांची पोरगी रात्री झोपत नाही आणि फोन आपल्याला येतो.

आता ठसे उमटतच नाहीत, ही सगळ्यांची तक्रार. एक तर पोरांनी नुकतेच साबणाने हात धुतलेले असतात (आपणच पाठवतो धुवायला), मग कातडीवर तेल-घामच नसेल तर ठसा उमटणार कशाचा? बोट नाकाच्या बाजूला नाहीतर केसांतून फिरवायचं आणि मग ग्लास धरायचा. दुसरं, पूड फार टाकतात. पेन्सिलचं शिसं पॉलिश पेपरवर घासून काढलेली पूड चिमूटभर पुरते, मेकअपचा मऊ ब्रश नुसता टेकवत फिरवायचा, घासलं की रेषा गेल्याच समजा. काळ्या वस्तूवर असेल तर टाल्कम पावडर. मग सेलोटेप लावून अलगद उचलायचं, टेप पांढऱ्या कागदावर, टाल्कम असेल तर काळ्या. आणि खास नागपुरी चूक म्हणजे कूलर. मे महिन्यात कूलर बंद करायला कोणी तयार होत नाही, मी पण नाही झाले, आणि सगळी पूड एका झोतात दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर जाऊन बसली. पंधरा मिनिटं बंद म्हणजे बंद.

ठसा मिळाला की ‘हा अमक्याचा’ म्हणून सांगून टाकू नका. आधी पोरांना स्वतःच्या दहाही बोटांचे ठसे कागदावर घेऊ द्या. आजी हात पाहून शंख-चक्र सांगते ना, तेच हे. शंख म्हणजे लूप, चक्र म्हणजे व्हर्ल, तिसरा कमानीसारखा, तो फार कमी जणांकडे निघतो. जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा वेगळे असतात. बोटांच्या ठशांचा जगातला पहिला ब्यूरो १८९७ साली कोलकात्यात सुरू झाला, ठशांची वर्गवारी करण्यात मोठं काम होतं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, आणि पद्धतीला नाव लागलं साहेबाचं, ‘हेन्री पद्धत’. हे सांगितल्यावर सातवीतला एक जण म्हणाला, “काकू, म्हणजे आमच्या ग्रुप प्रोजेक्टसारखंच.”

चिठ्ठी कोणत्या पेनने लिहिली ते ओळखायचा प्रयोग पण करतात लोक, शाईतले रंग वेगळे करायचा. त्याला फिल्टर पेपर शोधत बसू नका, फळ्याचा पांढरा खडू चालतो. खालून बोटभर वर काळ्या स्केचपेनची गोल रेघ मारायची आणि खडू वाटीतल्या पाण्यात उभा करायचा, पाणी रेघेच्या खाली पाहिजे. आमचं पाणी रेघेच्या वर गेलं, शाई वाटीत उतरली आणि खडू कोराच. परमनंट मार्कर पाण्यात हलतच नाही, त्याला पातळवालं सॅनिटायझर घ्या.

दुर्बिणीची घाई

वाढदिवसाला हजार-दीड हजाराची दुर्बीण घेतात, बॉक्सवर शनीचं झकास चित्र, आणि घरी लावली की स्टँड इतका थरथरतो की चंद्रसुद्धा नाचतो. दोन रात्री पाहतात, मग ती माळ्यावर. पहिले सहा महिने नुसते डोळे, मग जमलं तर १० बाय ५०ची बायनॉक्युलर, भिंतीला टेकवून धरली की गुरूचे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. चंद्र पौर्णिमेला दाखवू नका, तेव्हा तो सपाट थाळीसारखा दिसतो. सप्तमी-अष्टमीला दाखवा, उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात. मोबाईलचा टॉर्च कोणी लावला की डोळे परत अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, म्हणून टॉर्चवर पतंगाचा लाल कागद गुंडाळा. सूर्याकडे दुर्बीण कधीच नाही, त्यात मस्करी नको.

शहरातून दिसत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही, आपल्याला पेंच जवळ आहे, २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झाला. पावसाळ्यात मात्र तिकडे आकाश बघायला जाऊन उपयोग नाही, त्यापेक्षा गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण बरं, पण तिथेही सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका, पोट्टे शेवटी कँटीनच लक्षात ठेवतात.

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं’

हे मी स्वतः सांगितलं होतं पोरांना. अगदी ठासून. नंतर परत वाचलं तेव्हा लाज वाटली. स्पेस स्टेशन फिरतं जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे तो आकाशात उभा केला तर अर्ध्याच्या थोडं पुढे स्पेस स्टेशन. तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या जवळपास ९० टक्के असतं. मग माणसं तरंगतात कशी? ती स्टेशनसकट सतत पडत असतात, पण ताशी २८ हजार किलोमीटरच्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत राहतात.

तोंडी सांगून हे कोणालाच पटत नाही. बिसलेरीच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, धार सुरू झाली की स्टुलावर उभं राहून बाटली सोडून द्या. पडताना धार थांबते! आमच्याकडे पहिल्यांदा हे फसलं कारण मी झाकण लावून ठेवलं होतं, झाकण असलं की धार तशीही थांबते आणि पोरं म्हणतात ही तर चीटिंग. झाकण काढा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, आणि खाली टब ठेवा नाहीतर शेजारच्यांचे पापड भिजतात.

अंतरांचं पण तसंच, पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना खेटून असतात. सात सेंटीमीटरचं संत्रं पृथ्वी धरा, चंद्र एक मोठं बोर, आणि ते दोन मीटरवर. सूर्य? संत्रं आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशी ठेवलं तर सूर्य सव्वाआठशे मीटरवर, बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत कुठेतरी, आणि दुमजली घरापेक्षा उंच. पोरं बोर घेऊन पळत सुटली आणि एकाने चंद्र खाल्ला.

पान धुऊन आणू नका

निसर्गातून इंजिनिअरिंग म्हटलं की आपण लगेच जपान आणि स्वित्झर्लंड. वेल्क्रोची (बुटांना-बॅगांना असते ती चिकटपट्टी) गोष्ट सगळ्यांना पाठ, स्वित्झर्लंडचा जॉर्ज द मेस्त्राल, कुत्र्याच्या केसात अडकलेली काटेरी फळं, १९४१. पण ते झाड आपल्या पोरांनी कधी पाहिलेलं नसतं. दिवाळीच्या सुमारास मोकळ्या प्लॉटमधून एक चक्कर मारली की पँटला काय काय चिकटतं ते काढून भिंगाखाली बघा. आघाड्याचं बी नुसतं टोचून बसतं, शंकेश्वराच्या फळाच्या काट्यांना मात्र टोकाला वाकडे आकडे असतात, थेट वेल्क्रोसारखे. हा फरक पोरांनी स्वतः काढला, मी सांगितला नव्हता.

धोप्याच्या (अळूच्या) पानावर पाण्याचे मोती घरंगळतात, धूळही सोबत नेतात, हे दाखवायला मी पानं आणली आणि सवयीने नळाखाली साबण लावून खसाखसा धुतली. झालं, पाणी पसरायला लागलं. ती जादू पानावरच्या मेणाच्या बारीक बारीक उंचवट्यांत असते आणि मी तीच घासून टाकली होती. पण यातून मजा अशी झाली की आता आम्ही मुद्दाम एक धुतलेलं आणि एक न धुतलेलं पान शेजारी ठेवतो.

खंड्याचं पण तसंच. जपानच्या बुलेट ट्रेनचं, म्हणजे शिंकान्सेनच्या ५०० सिरीजचं, लांब नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलं, इंजिनिअर एइजी नाकात्सु स्वतः पक्षी बघणारे होते, गाडी बोगद्यातून बाहेर पडताना होणारा धमाका त्यामुळे कमी झाला, १९९७ मध्ये गाडी सुरू झाली. छान गोष्ट, पोरं ऐकतात आणि विसरतात. कणकेचे दोन गोळे घ्या, एक बोथट, एक चोचीसारखा, बादलीत सोडा आणि पाणी किती उडतं ते बघा. वजन सारखं करायचं विसरू नका, आमचा पहिला निकाल त्यामुळेच उलटा आला होता. गोळ्यात उदबत्तीची काडी खोचून तिला धरून सोडलं की टोक खालीच राहतं.

उत्तर पोटात ठेवता येत नाही

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, आकाशातून जळत जाणारी रेघ विदर्भात कित्येकांनी पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची एक मोठी रिंग पडली. चीनच्या रॉकेटचा तुकडा होता तो, अभ्यासकांनी तसं सांगितलं. मी पोरांना फक्त रिंगचा फोटो दिला, माप आणि कुठे पडली ते सांगितलं, बाकी काही नाही. त्यांनी सुतळीने गच्चीवर रिंगएवढा, तीन मीटरचा गोल आखला. “विहिरीची रिंग असेल.” “मग जळली काऊन?” “विमानाचं असेल.” “विमान पडलं असतं तर बातमी आली असती ना बे.” चाळीस मिनिटं चाललं, वजन किती असेल, वरून आली तर खड्डा किती पडेल, कडा वितळल्यात का. मी दोनदा तोंड उघडून मिटलं. एक पोरगी ‘रॉ...’ पर्यंत आलीच होती आणि तेवढ्यात खुर्चीतून सासरे म्हणाले, “अरे चीनचं रॉकेट होतं ते, पेपरात आलं होतं.”

पुढच्या रविवारी पोरांनी एकमताने परत त्यांनाच चोर केलं.